लहानपणीच्या टीव्ही चॅनेलचा इतिहास कसा शोधायचा: नॉगिनचं उदाहरण घेऊन

माझा मुलगा २००३ चा, न्यू जर्सीतच वाढलेला. मागे कॉलेजला सुट्टी होती म्हणून घरी आला होता, तर चहा पिता पिता म्हणतो, आई ते पिवळ्या मूसचं (मूस म्हणजे मोठ्या शिंगांचं हरीण, इथे कार्टूनमधलं) चॅनेल होतं ना, तू पोळ्या करताना मला लावून द्यायचीस, ते गेलं कुठे? मी म्हटलं थांब शोधते, आणि मग जवळजवळ दोन महिने रोज रात्री तासभर तेच करत बसले. ते चॅनेल म्हणजे नॉगिन. शोधताना कळलं की अशा चॅनेलचा इतिहास काढायची एक पद्धत असते आणि ती पद्धत धरली नाही तर माणूस गोल गोल फिरत राहतो. ज्यांना आपल्या पोरांच्या किंवा स्वतःच्या लहानपणीच्या चॅनेलबद्दल नीट लिहायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सगळ्यात आधी, काहीही सर्च करायच्या आधी, तुम्हाला काय काय आठवतंय ते कागदावर लिहून काढा. कोणत्या गावात राहत होता, टीव्ही कुठल्या खोलीत होता, मूल तेव्हा चालत होतं की रांगत होतं, दोन कार्यक्रमांच्या मधे कोण यायचं, जाहिराती होत्या का. हे आधीच करायचं कारण म्हणजे एकदा का नेटवर वाचलं की वाचलेलं आणि आठवलेलं एकमेकांत मिसळतं आणि मग परत वेगळं करता येत नाही. मी लिहिलं होतं: पिवळा मूस बोलतो, निळा पक्षी बोलत नाही, जाहिराती अजिबात नाहीत, आणि संध्याकाळी तेच चॅनेल लावलं की मोठ्या पोरांचं काहीतरी लागायचं. हे शेवटचं वाक्य मला माझीच चूक वाटली होती, पण पुढे त्याच एका वाक्यावरून अर्धा इतिहास उलगडला.

आता मुख्य गोष्ट. चॅनेल म्हणजे एक वस्तू नाही, त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. नाव, केबलवरची जागा, मालक, आणि कार्यक्रम. या चारही गोष्टी वेगवेगळ्या दिवशी जन्मतात आणि वेगवेगळ्या दिवशी संपतात. म्हणून वहीत चार रकाने पाडा आणि जी तारीख सापडेल ती कुठल्या रकान्यातली आहे हे आधी ठरवा, मगच लिहा. मी पहिले दोन आठवडे फक्त नावाच्या मागे धावले आणि सगळा घोळ झाला, कारण नाव हीच सगळ्यात फसवी गोष्ट आहे.

नॉगिनचंच बघा ना. हे चॅनेल सुरू झालं २ फेब्रुवारी १९९९ ला. मालक दोघं, निम्मे निम्मे: एकीकडे निकलोडियन हे मुलांचं मोठं केबल चॅनेल आणि दुसरीकडे सेसमी स्ट्रीट हा छोट्यांचा कार्यक्रम बनवणारी संस्था, जिचं तेव्हाचं नाव चिल्ड्रन्स टेलिव्हिजन वर्कशॉप होतं आणि २००० मधे सेसमी वर्कशॉप झालं. (इथे पहिलाच खड्डा आहे, १९९९ च्या बातम्या शोधताना सेसमी वर्कशॉप टाकलं तर फारसं काही हाती लागत नाही, जुनं नाव टाकायला लागतं. संस्थांची जुनी नावं आधी काढून ठेवा.) नॉगिन म्हणजे बोलीतलं डोकं, आणि लोगोमधे चेहऱ्याचा फक्त खालचा अर्धा भाग असायचा, वर डोक्याच्या जागी दर वेळी वेगळंच काहीतरी. मला हा लोगो फार आवडायचा, अजूनही आवडतो.

आणि हे वाचून मी चमकलेच, की सुरुवातीला हे फक्त बालवाडीच्या वयाच्या मुलांचं चॅनेल नव्हतंच. शाळेत जाणाऱ्या मोठ्या मुलांसाठीचे शिकवणारे कार्यक्रम, सत्तरच्या दशकातल्या द इलेक्ट्रिक कंपनीचे जुने भाग, आणि चक्क मोठ्या माणसांच्या आठवणींसाठी सेसमी स्ट्रीटचे जुने भाग असं सगळं मिळून ते चालायचं. आपल्याला आठवतं ते चॅनेल म्हणजे २००२ च्या एप्रिलनंतरचं. तेव्हा दिवसाचे दोन तुकडे केले, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा छोट्यांसाठी नॉगिन आणि संध्याकाळी सहानंतर टीनएजर पोरांसाठी द एन. म्हणजे माझ्या कागदावरचं ते शेवटचं वाक्य बरोबरच होतं! डिग्रासी सारखी किशोरवयीन मुलांची सिरीयल त्याच चॅनेलवर रात्री लागायची. म्हणून सांगते, चॅनेल सुरू झालं त्या दिवशी ते कुणासाठी होतं हे वेगळं तपासा, मधे वयोगट बदलला का ते वेगळं तपासा. बहुतेक लोक शेवटचं रूप आठवतात आणि तेच पहिल्या दिवसावर चिकटवतात.

२००२ मधेच मालकाचा रकानाही बदलला. सेसमी वर्कशॉपने आपला वाटा सोडला आणि सगळं व्हायकॉमकडे, म्हणजे निकलोडियनच्या मूळ कंपनीकडे गेलं. असं झालं की लगेच विचारायचं, जो बाहेर पडला तो पुढे कुठे गेला? सेसमी वर्कशॉप २००५ मधे स्प्राउट नावाच्या दुसऱ्या प्रीस्कूल चॅनेलमधे भागीदार म्हणून दिसते, कॉमकास्ट, पीबीएस आणि हिट एंटरटेनमेंटबरोबर. ते स्प्राउट २०१७ मधे युनिव्हर्सल किड्स झालं आणि मार्च २०२५ मधे बंद पडलं. स्प्राउट का आलं हे नॉगिनशिवाय नीट समजत नाही, आणि एका चॅनेलचा इतिहास लिहिताना शेजारच्या घरात डोकावायचं ते यासाठीच.

मग जागेचा रकाना. हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगी. ३१ डिसेंबर २००७ ला निकलोडियनचं एक वेगळंच खेळांचं चॅनेल, निक गॅस, बंद झालं आणि त्याच्या जागेवर द एन ला स्वतःचं घर मिळालं, त्यामुळे नॉगिन चोवीस तासांचं झालं. पुढे २८ सप्टेंबर २००९ ला एकाच दिवशी नॉगिनचं निक ज्युनियर झालं आणि द एन चं टीननिक. आता गंमत बघा, टीननिकचा इतिहास जागेवरून मागे नेला तर तो १९९९ मधल्या खेळांच्या चॅनेलपाशी जातो, आणि कार्यक्रमांवरून मागे नेला तर नॉगिनच्या रात्रीपाशी. दोन्ही खरंच आहे. कुठला धागा धरलाय ते लिहून टाका म्हणजे वाचणारा गोंधळत नाही.

नावाबद्दल अजून एक. निक ज्युनियर हे नाव २००९ मधे जन्मलेलं नाही. ते जानेवारी १९८८ पासून होतं, पण चॅनेल म्हणून नाही, निकलोडियनवरच सकाळच्या वेळेचा एक ब्लॉक म्हणून. ब्लूज क्लूज १९९६ मधे आणि डोरा २००० मधे, हे छोट्यांचे दोन कार्यक्रम या ब्लॉकवर आले, चॅनेलवर नाही. ब्लॉक म्हणजे मोठ्या चॅनेलवर काही तासांपुरतं घेतलेलं भाड्याचं दुकान समजा, आणि चॅनेल म्हणजे स्वतःची इमारत. तारीख सापडली की हा प्रश्न विचारायचाच, दुकान उघडल्याची की इमारत बांधल्याची? आपल्याकडेही हाच गोंधळ होतो, भारतात निक ज्युनियर हे चॅनेल आलं २०१२ च्या नोव्हेंबरात, त्यामुळे त्याआधी घरी डोरा पाहिलेली असेल तर ती या चॅनेलवर नक्कीच नाही पाहिलेली.

आणि अजून मागे गेलात तर काय सापडतं माहितीये? १ डिसेंबर १९७७ ला ओहायोमधल्या कोलंबस शहरात वॉर्नर केबलने क्यूब नावाची केबल सिस्टीम सुरू केली, त्यात सी-३ नावाचं एक चॅनेल होतं ज्यावर दिवसभर पिनव्हील हा लहान मुलांचा कार्यक्रम चालायचा. त्यातूनच १ एप्रिल १९७९ ला निकलोडियन झालं. म्हणजे एवढं मोठं निकलोडियन, त्याचं मूळ एका शहरापुरतं असलेल्या छोट्या पोरांच्या चॅनेलमधे आहे. हे वाचलं त्या रात्री मला झोपच लागली नाही, सकाळी उठून आधी मुलाला फोन केला.

आता हे सगळं शोधायचं कुठे. वेबॅक मशीन म्हणजे वेबसाईटची जुनी पानं साठवून ठेवणारी साईट, तिथे चॅनेलची जुनी वेबसाईट उघडा, तिथे वर्षावर्षाला मुखपृष्ठ कसं बदललं ते दिसतं, आणि वेळापत्रकाचं पान जपलेलं असलं तर सोनंच. पण लक्षात ठेवा, त्यावरची तारीख पान साठवल्याची असते, पान बनवल्याची नाही. कंपनी अमेरिकेतली आणि शेअर बाजारात असेल तर तिचे वार्षिक अहवाल एडगर नावाच्या सरकारी साईटवर फुकट मिळतात, व्हायकॉमचे तिथे आहेत, मालकी कधी कशी बदलली हे तिथेच पक्कं करायचं, फॅन लोकांच्या पानावर नाही. केबल व्यवसायाची जुनी मासिकं स्कॅन करून ठेवलेली वर्ल्ड रेडिओ हिस्टरी नावाची साईट आहे, चॅनेल सुरू व्हायच्या आधीच्या घोषणा तिथे शोधा. फक्त घोषणा झाली म्हणजे ते घडलंच असं धरू नका, घोषणेची तारीख आणि प्रत्यक्ष सुरू झाल्याची तारीख या दोन वेगळ्या ओळी.

मग राहतात लोकांनी घरी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओ कॅसेट, ज्या आता यूट्यूबवर चढवलेल्या असतात. हे माझं सगळ्यात लाडकं साधन. कार्यक्रम नका बघू, कार्यक्रमांच्या मधलं बघा. कोपऱ्यातला लोगो कुठला आहे, मधे कोण बोलतंय, पुढे काय लागणार आहे म्हणून सांगतायत. मूस आणि झी (म्हणजे तो निळा पक्षी) ही जोडी नॉगिनवर २००३ पासून आहे, त्यामुळे ती दिसली की कॅसेट त्याआधीची नाही हे नक्की. पण ती दिसली म्हणजे चॅनेल नॉगिनच असं मात्र नाही, कारण नाव बदलल्यावरही ते दोघं निक ज्युनियरवर २०१२ पर्यंत होते. माझा मुलगा ज्याला मूसचं चॅनेल म्हणायचा ते त्याच्या दृष्टीने २००९ मधे बंद झालंच नव्हतं, मूस तर रोज येतच होता. लहान मुलाचा इतिहास असाच असतो आणि तो चुकीचा नाही, त्याचा रकाना वेगळा आहे एवढंच. शेवटी श्रेयनामावलीत जे साल दिसतं ते कार्यक्रम बनल्याचं असतं, तुमच्या कॅसेटवर तो कधी लागला त्याचं नाही, यावरही बरेच जण घसरतात.

वेळापत्रकं वाचताना एक सांभाळा. जुन्या याद्यांमधे सोमवार ते शुक्रवार ब्लूज क्लूजचा एकच भाग दिसला तर छपाईची चूक समजू नका. तो भाग मुद्दामच पाच दिवस रोज दाखवायचे, कारण बनवणाऱ्यांच्या संशोधनात दिसलं होतं की या वयाची मुलं तेच तेच बघताना जास्त समजून घेतात, जास्त उत्तरं देतात. प्रत्येक भाग बनताना तीन वेळा खऱ्या मुलांसमोर तपासला जायचा. ज्या आईने एकच गोष्ट रोज रात्री सांगितलीये तिला हे वेगळं सांगायला नको, पण टीव्हीवाल्यांनी ते ओळखून अख्ख्या आठवड्याचं वेळापत्रक त्यावर बांधलं याचं मला खूप कौतुक वाटतं. माझ्या मते प्रीस्कूल चॅनेलचा इतिहास लिहायचा तर कंपन्यांच्या खरेदीविक्रीइतकीच जागा अशा गोष्टींना द्यायला हवी. मूल टीव्हीसमोर काय करत होतं, बोलत होतं का, उठून नाचत होतं का.

शेवट कसा लिहायचा हेही विचारतात. चॅनेल संपलं असं एकच वाक्य लिहू नका, चारही रकान्यांचा शेवट वेगळा द्या. नॉगिनची जागा निक ज्युनियरकडे गेली. मूस २०१२ ला गेला. नाव मात्र मार्च २०१५ मधे परत आलं, यावेळी महिन्याची फी घेणारं ॲप म्हणून, आणि ते ॲप २ जुलै २०२४ ला बंद झालं.

आणि एक काम आजच करा. घरातल्या बारशाच्या, वाढदिवसाच्या जुन्या कॅसेट काढा आणि मागे टीव्ही चालू आहे का ते बघा. आमच्याकडे मुलाच्या तिसऱ्या वाढदिवसाची एक छोटी कॅसेट निघाली, सगळे औक्षणाच्या ताटाभोवती उभे, सासूबाई हातात निरांजन घेऊन, आणि मागे कोपऱ्यात टीव्हीवर पिवळा मूस. तारीख पक्की, लोगो स्पष्ट, वेळ दुपारची. ती कॅसेट डिजिटल करून घेतली आणि फाईलच्या नावात तारीख, गाव आणि चॅनेल तिन्ही टाकलं.