विहिरीच्या पाण्यात थायरमचं शिखर दिसेना, तेव्हा

सोयाबीनच्या बीजप्रक्रियेत वापरतात ते थायरम हे बुरशीनाशक पाण्यात उतरलंय का, हे रामन वर्णपटावरून (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून रेणू ओळखायची पद्धत) बघायचं होतं. चांदीच्या नॅनोकणांवर थायरमचा गंधक-गंधक बंध तुटतो, रेणू कणाला चिकटतो आणि १३८० प्रति सेंमीच्या आसपास ठसठशीत शिखर येतं. डिस्टिल्ड पाण्यात ते झकास यायचं. शेतातल्या विहिरीच्या पाण्यात मुद्दाम थायरम घातलं तरी वर्णपट सपाट!

लेझर, भिंगं सगळं ठीक होतं. उत्तर क्युव्हेटमध्येच (नमुन्याच्या पारदर्शक नळीत) दिसलं: पिवळसर-करडं कलिल, म्हणजे चांदीचे कण तरंगत असलेलं द्रावण, विहिरीचं पाणी पडताच काळपट व्हायचं आणि थोड्या वेळात तळाशी गाळ. आपल्याकडचं बेसाल्टमधलं पाणी जड. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे दुहेरी भाराचे आयन कणांवरचं सायट्रेटचं ऋण कवच निष्प्रभ करतात. थायरम चिकटण्याआधीच कण गोळा होऊन खाली बसत होते.

मग नमुना आधी सोडियम रूपातल्या कॅटायन रेझिनमधून (कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून बदल्यात सोडियम सोडणारे मणी) गाळला. सोडियम एकेरी भाराचा, त्यामुळे कलिल टिकलं. थायरमला चिकटायला वेळ दिला आणि शेवटी मोजून मिठाचं द्रावण घातलं. कणांचे थोडे गुच्छ लागतातच, कारण संकेत मुख्यतः कणांमधल्या फटींत वाढतो. शिखर आलं! रेझिन थायरमच खात नाही ना, हे ज्ञात मात्रा घालून तपासलं. ही पायरी गाळू नका.

प्रमाण काढताना मात्र डिस्टिल्ड पाण्यावरचा आलेख चालत नाही. त्याच विहिरीच्या पाण्यात वाढत्या मात्रा घालून आलेख काढावा लागतो. कंटाळवाणं आहे, पण युरोपची पिण्याच्या पाण्यातल्या कुठल्याही एका कीटकनाशकासाठीची (बुरशीनाशकंही त्यातच) मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम, तिथे अंदाजपंचे कसं चालेल?