वस्तीत अल्पवयीन पोरीचं लग्न ठरतंय असं कळलं तर काय करायचं

दिवाळीच्या आधी ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या हातात मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, पडते आणि बीड-परभणीकडं त्याच दिवसांत नववी-दहावीतल्या पोरींच्या सोयरिकी जुळायला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी धरतात, म्हणून पोराला जोडीला बायको लागते, आणि पोरीच्या आईबापाला घोर असतो की आपण पाच-सहा महिने उसाच्या फडावर, मागं हिला कुणाच्या भरवशावर ठेवायचं. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत परभणीत २० ते २४ वयाच्या जवळपास निम्म्या बायकांचं लग्न १८ च्या आत झालेलं निघालं.

पहिलं वय पक्कं करा. नुसत्या आधारवर जाऊ नका, जन्मदाखला नाहीतर शाळेचं रजिस्टर बघायला लावा.

मग आईला गाठा, एकटीला. तिचं पहिलं बाळंतपण कितव्या वर्षी आणि कसं झालं ते विचारा, भाषणापेक्षा याच्यानं ती जास्त बोलती होते. तिला सांगा की पंधरा-सोळाव्या वर्षी कमरेची हाडं पुरती वाढलेली नसतात, मूल अडतं, फार वेळ अडलं तर आत जखम होऊन लघवी सतत गळत राहते, बीपी वाढून झटके येऊ शकतात, बाळ अडीच किलोच्या आत भरायची भीती जास्त, आणि पोरगी आधीच रक्तानं कमी असली आणि त्यात पहाटेपासून डोक्यावर मोळ्या वाहायच्या म्हटल्यावर तिच्या जिवावरच बेततं.

पण नुसतं भिववून लग्न मोडत नाही हो, पोरीची सोय लागते! हंगामी वसतिगृह, पोरींसाठी राहायची सोय असलेलं कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय, नाहीतर आजी-मावशीकडं राहून शाळा, यातलं काहीतरी जमवूनच त्यांच्या घरी जा.

ऐकत नसतील तर १०९८ ला फोन करा, सांगणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला तारीख आणि ठिकाण सांगा, आणि हळदीपर्यंत थांबू नका, कारण कोर्टाकडून मनाई आणायला वेळ लागतो. लग्न लावणाऱ्याला, ठरवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

लग्न होऊनच गेलं असेल तर वयाची २० वर्षं पुरी व्हायच्या आत पोरगी ते कोर्टातून रद्द करून घेऊ शकते. दिवस गेले असतील तर केसच्या भीतीनं तिला घरात लपवून ठेवू नका, आशाताईंना सांगून लगेच नाव नोंदवा, रक्त आणि बीपी तपासा आणि बाळंतपण दवाखान्यातच करा.