जुन्या सेटटॉप बॉक्समधली हार्ड डिस्क वापरताय? या चुका टाळा

कार्यक्रम रेकॉर्ड करणाऱ्या जुन्या सेटटॉप बॉक्समध्ये अनेकदा चांगली चालणारी हार्ड डिस्क असते. ती भंगारात जाऊ देऊ नका. मात्र बॉक्स तुमच्याच मालकीचा आहे ना, हे आधी बघा. बरेच बॉक्स कंपनीला परत द्यायचे असतात.

प्लग काढल्या काढल्या स्क्रू खोलायला बसू नका. पॉवर सप्लाय आतच असेल, तर त्याचा मोठा कपॅसिटर वीज बंद झाल्यावरही काही वेळ चार्ज धरून ठेवतो. त्या बोर्डाला हात लावूच नका.

सगळ्यात जास्त डिस्क फुकट जातात त्या ‘मेली वाटतं’ म्हणून. 3.5 इंची डिस्कच्या मोटरला 12 व्होल्ट लागतात आणि साध्या यूएसबी केबलमधून 5 व्होल्टच मिळतात. मग डिस्क फिरतच नाही. वेगळा पॉवर अडॅप्टर असलेला डॉक, म्हणजे डिस्क बसवून कॉम्प्युटरला जोडायचा स्टँड, घ्या. 2.5 इंची डिस्क मात्र यूएसबीवर सहसा चालते. खूप जुन्या बॉक्समध्ये साटा या नेहमीच्या जोडणीऐवजी रुंद, पिनांची आयडीई ही जुनी जोडणी असलेली डिस्क निघते, तिला वेगळा अडॅप्टर लागतो.

डिस्क जोडली की विंडोज म्हणतं, ‘फॉरमॅट करा’. याचा अर्थ डिस्क खराब आहे असा नाही. बॉक्सची फाइल सिस्टिम विंडोजला वाचता येत नाही, एवढंच. जुनी रेकॉर्डिंग्ज मिळतील ही आशाही सोडा, कारण ती बहुधा त्याच बॉक्सच्या किल्लीने एन्क्रिप्ट केलेली असतात.

फॉरमॅटआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये डिस्कची तब्येत बघा. लाइव्ह टीव्ही मागे नेता यावा म्हणून बॉक्स सतत रेकॉर्ड करत असतो. वर्षाचे तास 8,760, म्हणजे पाच वर्षांत 43,800 तास होतात. मी काढलेल्या एका डिस्कवर 38 हजारांच्या वर तास दिसले, तरी ती आजही नीट चालते. तासांपेक्षा ‘रिअ‍ॅलोकेटेड’ आणि ‘करंट पेंडिंग’ सेक्टर, म्हणजे खराब म्हणून बदललेले आणि वाचताना अडणारे डिस्कचे छोटे भाग, महत्त्वाचे. इथे एक गोची आहे: हा प्रोग्राम मूळ आकडे हेक्समध्ये (सोळावर आधारलेल्या मोजणीत) दाखवतो, म्हणजे 10 दिसलं तर ते 16 असतात. सेटिंगमध्ये दशमान निवडा.

त्यानंतर ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. वेळ लागतो, पण प्रत्येक सेक्टर तपासला जातो. मग ते दोन आकडे पुन्हा बघा. वाढले असतील तर डिस्क वापरू नका. फॉरमॅट करताना डिस्कचा क्रमांक आणि क्षमता दोनदा वाचा. विंडोजच्या डिस्कपार्ट या प्रोग्राममध्ये ‘क्लीन’ ही डिस्क पुसायची आज्ञा दिल्यावर ते ‘नक्की ना?’ असं विचारत नाही, आणि चुकीची डिस्क निवडली असेल तर घरचे फोटो गेलेच म्हणून समजा.

डिस्क दिसते पण लिहिता येत नाही? काही बॉक्स डिस्कला पासवर्डचं कुलूप लावतात. पासवर्ड माहीत नसेल तर त्यावर दिवस घालवू नका.

फोटोंची एकमेव प्रत मात्र हिच्यावर ठेवू नका. यातल्या बऱ्याच डिस्क व्हिडिओसाठी बनवलेल्या असतात. चित्र अडू नये म्हणून खराब सेक्टर वाचायचा प्रयत्न त्या लवकर सोडतात. सिनेमे, गाणी, बॅकअपची दुसरी प्रत, यासाठी ती उत्तम.