गाडीचा बेल्ट घरी बदलताय? मग या चुका टाळा

बोनेट उघडलं की इंजिनच्या एका कडेला चार-पाच पुल्यांभोवती नागमोडी फिरलेला काळा पट्टा दिसतो, त्या बेल्टबद्दल हे आहे. गॅरेजात त्याला कुणी फॅन बेल्ट म्हणतं, कुणी अल्टरनेटर बेल्ट. क्रँक पुलीकडून (इंजिनच्या मुख्य शाफ्टवरची पुली) ताकद घेऊन तो बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो, जुन्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि बऱ्याच इंजिनांत पाण्याचा पंपसुद्धा. तो कसारा घाटात मध्यावर तुटला तर आधी बॅटरीचा लाल दिवा लागतो. पाण्याचा पंप त्याच्यावरच असेल तर काही मिनिटांत टेंपरेचरचा काटा चढतो. मग "पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ या" म्हणायचं नाही, गाडी तिथेच बाजूला घेऊन बंद करायची.

बेल्ट बदलणं घरी जमण्यासारखं काम आहे. पण जुना काढला, नवा चढवला की झालं, अशा समजुतीने केलं तर नवा बेल्टही थोड्या दिवसांत जातो.

जुना बेल्ट न बघता फेकून देणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू या. बेल्ट वेळेआधी गेला असेल तर बहुतेक वेळा दोष त्याच्या शेजाऱ्यांचा असतो, आणि तो कुणाचा हे जुन्या बेल्टवर दिसतं. काढलेला बेल्ट उजेडात धरा, उलटा वळवा आणि बोटाने चाचपून बघा.

एकच कड झिजून धागे बाहेर आले असतील, तर एखादी पुली रांगेत नाही किंवा तिचं बेअरिंग गेल्याने ती डगमगतेय. रिबांच्या (बेल्टच्या आतल्या बाजूला लांबीभर असलेल्या उंचवट्यांच्या) बाजू काचेसारख्या चकाकत असतील, तर बेल्ट घसरत होता, म्हणजे ताण कमी होता. रबर मऊ पडून फुगलं असेल, तर वरून कुठून तरी ऑइल किंवा कूलंट गळतंय. ती गळती बंद केल्याशिवाय नवा बेल्ट चढवण्यात अर्थ नाही. खाचांमध्ये रबराचे बारीक गोळे चिकटलेले दिसले, तर ताण आणि पुल्यांची रांग दोन्ही तपासा.

आडव्या भेगा मात्र आता फारशा दिसत नाहीत. पूर्वीचे निओप्रीन रबराचे बेल्ट तडकायचे, म्हणून "भेगा नाहीत, म्हणजे बेल्ट चांगला" हा नियम लोकांच्या डोक्यात पक्का बसलाय. हल्लीचे ईपीडीएम रबराचे बेल्ट सहसा तडकत नाहीत, टायरसारखे झिजतात. खाच खोल आणि रुंद होते, बेल्ट पुलीत खाली बसतो, आणि पकड सुटते. वरून बेल्ट छान काळा दिसत असतो. त्यामुळे किलोमीटर किती झाले ते बघा आणि सर्व्हिस बुकात दिलेला टप्पा पाळा.

बेल्ट उतरलेला असतानाच प्रत्येक पुली हाताने फिरवून घ्या. ही संधी पुन्हा मिळत नाही. आयडलर पुली (काहीही न चालवता बेल्टला फक्त वळण देणारी) गुपचूप, एकसारखी फिरायला हवी. खरखर ऐकू आली, फिरताना अडकली किंवा दोन बोटांत धरून हलवल्यावर खुळखुळली, तर तीही बदला. पाण्याच्या पंपाचा शाफ्ट हलत असेल किंवा त्याच्याखाली कूलंटचा सुकलेला पांढरा-हिरवा डाग असेल, तर बेल्ट चढवायच्या आधी पंपाचं काम काढा.

"स्विफ्टचा बेल्ट द्या" एवढं सांगून विकत घेणं

एकाच मॉडेलमध्ये पेट्रोल-डिझेल वेगळं, एसीसाठी दुसरा बेल्ट असलेली इंजिनं वेगळी, वर्षाप्रमाणे बदलही वेगळे. दुकानदाराला जुन्या बेल्टच्या पाठीवरचा नंबर दाखवा. समजा ६पीके१२३० असं छापलंय. याचा अर्थ सहा रिब आणि लांबी १२३० मिलिमीटर. "पाच रिबचाही बसतो, साहेब" असं कुणी म्हणालं तरी घेऊ नका. बसतो खरा, पण सहा रिबांचा भार पाचांवर येतो. नंबर पुसला असेल तर चासिस नंबरवरून पार्ट काढून घ्या. घरी आल्यावर जुना-नवा शेजारी धरून रिब मोजा. लांबीत जुना किंचित जास्त भरला तर चालेल, पण फरक ठळक असेल तर नवा परत द्या.

मारुतीच्या स्मार्ट हायब्रिडसारख्या गाड्यांत हाच बेल्ट इंजिन पुन्हा चालू करायचंही काम करतो. त्याच्यावरचा ताण आणि टेन्शनरची (बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाची) रचना वेगळी असते. ही गाडी असेल तर घरी हात घालू नका. काही इंजिनांवर टेन्शनरच नसतो, तिथे ताणून बसवायचा बेल्ट असतो आणि त्याला खास टूल लागतं. स्क्रू ड्रायव्हरने ढकलून तो चढतोही, पण आतले धागे तेव्हाच तुटू शकतात.

सुरक्षेच्या बाबतीत घाई

इंजिन थंड हवं. किल्ली खिशात, पुश बटणाची गाडी असेल तर किल्ली घरात ठेवलेली बरी. रेडिएटरचा पंखा इग्निशन बंद असतानाही सुरू होऊ शकतो. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, कारण अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीत करंट कायम असतो आणि पाना तिथून बॉडीला टेकला की ठिणगी उडते. गळ्यातली चेन, ओढणी, लोंबणारं आयकार्ड काढून ठेवा.

बऱ्याच छोट्या गाड्यांत बेल्टपर्यंत वरून हात जात नाही. चाक आणि त्याच्या आतलं प्लास्टिकचं लायनर काढावं लागतं. तिथे फक्त गाडीच्या जॅकवर विसंबून काम करू नका, खाली जॅक स्टँड लावा. पार्किंगचा उतार असेल तर काम दुसऱ्या जागी.

वाट लक्षात राहील असं समजणं

राहत नाही. बेल्ट काढायच्या आधी दोन-तीन कोनांतून मोबाइलवर फोटो काढा, एक खालूनही. बोनेटखालचा स्टिकर बऱ्याच जुन्या गाड्यांत निघून गेलेला असतो. नियम सोपा आहे: खाचांच्या पुलीवर बेल्टची खाचांची बाजू, गुळगुळीत पुलीवर पाठ. वाट चुकली तर पाण्याचा पंप उलटा फिरू शकतो, आणि बेल्ट मात्र अगदी घट्ट, व्यवस्थित दिसतो.

टेन्शनरशी झटापट

ऑटोमॅटिक टेन्शनरच्या हाताला पाना लावून स्प्रिंगच्या विरुद्ध फिरवायचं असतं. कुठल्या बाजूला, ते गाडीप्रमाणे बदलतं. जोर लावूनही हलत नसेल तर बहुधा दिशा चुकतेय, म्हणून पाइप लावून जोर वाढवू नका. काही टेन्शनरना पिन घालून अडकवायचं भोक असतं, ते शोधा. बेल्ट बसला की टेन्शनरचा हात एकदम सोडू नका, सावकाश येऊ द्या. फटकन सोडला तर बोटं तर सापडतातच, टेन्शनरही खराब होतो.

जुन्या पद्धतीच्या गाड्यांत अल्टरनेटरचे बोल्ट ढिले करून ताण द्यावा लागतो. तिथे "घट्ट म्हणजे मजबूत" हा समज घात करतो. जास्त ताणलेला बेल्ट बहुधा आवाज करत नाही, पण अल्टरनेटरचं आणि पाण्याच्या पंपाचं बेअरिंग खातो. दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब भागावर अंगठ्याने दाबून किती दबायला हवा, तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो. नवा बेल्ट थोडा चालवल्यावर बसतो, म्हणून ताण पुन्हा एकदा तपासा.

एक खाच सोडून बसवलेला बेल्ट

आमच्या सोसायटीत एका शेजाऱ्यांच्या गाडीतून नवा बेल्ट बसवल्यानंतर आठवड्याभरात पत्र्यावर काठी आपटावी तसा टकटक आवाज यायला लागला. बघितलं तर बेल्टच्या कडेला काळा धागा लोंबत होता. तळाच्या क्रँक पुलीवर बेल्ट एक खाच सरकून बसला होता आणि बाहेर राहिलेली रिब सुटून फटके मारत होती. असा धागा क्रँक पुलीच्या मागे गुंडाळला गेला, तर काही इंजिनांत थेट टायमिंग बेल्टपर्यंत (इंजिनच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा आतला बेल्ट) पोचतो आणि मग खर्च कुठल्या कुठे जातो.

क्रँक पुली वरून दिसत नाही, म्हणून तिथेच ही चूक होते. टॉर्च आणि छोटा आरसा घ्या. दिसत नसेल तर बोट दोन्ही कडांवरून फिरवा: दोन्हीकडे पुलीची धार सारखी लागायला हवी. प्रत्येक पुलीवर असं करा. मग क्रँकच्या बोल्टवर पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि पुन्हा बघा. पाने आणि टॉर्च आत राहिलेले नाहीत ना, ते मोजून घ्या. त्यानंतरच बॅटरी जोडून गाडी सुरू करा. पहिल्यांदा दहा-पंधरा सेकंदच चालवा, बंद करून तपासा.

आवाज आला की स्प्रे मारणं

साबण, मेणबत्ती, पावडर, बेल्टचा स्प्रे, गंजावरचा स्प्रे यांतलं काहीही बेल्टवर लावू नका. आवाज थोडा वेळ दबतो, धूळ चिकटते, रबर बिघडतं, आणि खरं कारण तसंच राहतं. पावसाळ्यात सकाळी पहिल्या मिनिटाला थोडी चूं-चूं होऊन थांबत असेल तर ते ओलाव्याचं, काळजी नको.

आवाज टिकून राहिला तर इंजिन आयडलवर ठेवून, हात लांब ठेवून, स्प्रेच्या बाटलीने बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं साधं पाणी मारा. आवाज वाढला तर ताण कमी आहे: टेन्शनर कमजोर झालाय किंवा बेल्ट लांबीने जास्त आहे. चिवचिव क्षणभर थांबून परत आली तर पुल्या एका रांगेत नाहीत. पाण्याने काहीच फरक पडला नाही आणि घरघर वेगाबरोबर वाढत असेल तर ते बेअरिंग आहे. एसी लावल्यावरच किंचाळत असेल तर कॉम्प्रेसरकडे बघा.