गोधडी आणि शिवणकामासाठी इस्त्री: कोणती घ्यायची, कशी दाबायची

शर्टाच्या सुरकुत्या मोडायच्या असतील तर इस्त्री पुढं-मागं फिरवतात. गोधडीच्या तुकड्यांवर ती तशीच फिरवली की उरेब (तिरपी कापलेली) कडा ओढली जाते आणि चौकोनाचा पतंग होतो. शिवणकामात इस्त्री उचलायची, ठेवायची, दाबायची आणि पुन्हा उचलायची. ती निवडायचीही याच हिशेबानं.

साधी, कोरडी, १००० वॅटची आणि हातात वजन जाणवेल अशी इस्त्री घ्या. दीड किलोच्या आसपासची असली की शिलाई तिच्याच भारानं बसते. पाऊण किलोची हलकी इस्त्री प्रवासाला बरी, पण गोधडीवर तिला हातानं रेटावं लागतं आणि तासाभरात मनगट बोलायला लागतं. टोक निमुळतं हवं, म्हणजे शिलाईच्या फटीत शिरतं. तळ सपाट असावा. स्टीमच्या इस्त्रीच्या तळाला भोकं असतात आणि भोकाखालच्या कापडाला उष्णता कमी मिळते. पेस्टिंगचं कॅनव्हास (इस्त्रीनं चिकटणारं आतलं कडक कापड) चिकटवताना तेवढ्याच जागी फुगे राहतात.

खानदेशात स्टीमच्या इस्त्रीला आणखी एक अडचण आहे, पाण्याची. कूलरच्या गवती ताट्यांवर उन्हाळाअखेर जो पांढरा थर साचतो, तोच बोअरच्या पाण्यानं इस्त्रीच्या आतही साचतो. मग एखाद्या दिवशी पांढऱ्या साडीवर पिवळट-तपकिरी पिचकारी पडते. स्टीमचीच हवी असेल तर पुस्तिकेत सांगितलेलंच पाणी भरा आणि काम झाल्यावर टाकी रिकामी करा. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं, पण तिथंच ॲसिडचेही कॅन असतात. लेबल वाचल्याशिवाय उचलू नका. आमचं मत विचाराल तर कोरडी इस्त्री आणि शंभर रुपयांच्या आतली फवाऱ्याची बाटली, एवढ्यात काम भागतं.

खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहा. इस्त्रीसाठी त्यासोबत आयएस ३६६ हा क्रमांक असतो. वायर तीन पिनांची आणि इस्त्रीच्या मानेपाशी रबरी बाहीत बसवलेली असावी. १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर साधारण साडेचार ॲम्पिअर ओढते, म्हणून ६ ॲम्पिअरचा सॉकेट चालतो. स्टीमच्या १५००-२००० वॅटच्या इस्त्रीला १६ ॲम्पिअरचाच हवा. बारीक वायरच्या एक्स्टेंशन बोर्डावर कुठलीच इस्त्री लावू नका. बोर्ड हाताला कोमट लागला, तर तो जळायच्या वाटेवर आहे.

रावेर-यावलकडं केळीच्या बागांना पाणी देणाऱ्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं. १८० व्होल्टवर १००० वॅटची इस्त्री जेमतेम ६१० वॅटचं काम करते. इस्त्री बिघडली असं समजून बटण शेवटपर्यंत फिरवलेलं असतं आणि व्होल्टेज परत आलं की कापड करपतं. बटण आधी होतं तिथंच ठेवा, वाढवू नका, थोडं थांबा.

आधी कापड ओळखा

बटणावरचे ठिपके असे वाचा: एक ठिपका म्हणजे सुमारे ११० अंश, दोन म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २००. सुती लुगडं, धोतर तीन ठिपक्यांवर; टेरिकॉट दोनवर; नायलॉन आणि जरीचा काठ एकवर, तोही वर सुती फडकं टाकून. जुन्या साड्यांत काय मिसळलंय ते नजरेला कळत नाही. कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि पाण्याच्या ताटावर काडीनं पेटवा. सुताची कागदासारखी राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. मणी झाला तर तीन ठिपके विसरा.

लाल आणि जांभळी लुगडी रंग सोडतात. ओलं पांढरं फडकं त्यांवर ठेवून इस्त्री दाबा. फडक्यावर डाग उठला तर तो तुकडा आधी धुऊन घ्या. कमी उष्णतेची कापडं आधी उरका, सुती शेवटी. तापलेली इस्त्री बटण कमी केल्याबरोबर निवत नाही, पाच-दहा मिनिटं घेते.

दाबायचं कसं

टेबल कमरेच्या उंचीचं हवं. त्यावर घोंगडी किंवा सतरंजी आणि वर धुतलेलं पांढरं धोतर ताणून बसवा. गादीवर, फोमवर किंवा प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर इस्त्री नको.

कापण्याआधीच कापडाला पातळ खळ द्या आणि दमट असताना दाबा. कातरीखाली ते सरकत नाही. दोन तुकडे शिवले की ते उघडू नका. मिटलेल्या शिलाईवरच ४-५ सेकंद इस्त्री ठेवा, टाके कापडात बसतात. मग उघडा, आतली माया (शिलाईपलीकडची कापडाची पट्टी) गडद तुकड्याकडं वळवा, नाहीतर फिक्या कापडातून तिची सावली दिसते. आता सुलट बाजूनं टोक शिलाईच्या मुळाशी नेऊन दाबा. मुळाशी चुणी राहता कामा नये. एकेका शिलाईत १ मिलिमीटर दडला, तर २० चौकोनांच्या रांगेतल्या १९ शिलायांत जवळजवळ २ सेंटिमीटर गायब होतात, आणि शेजारची रांग जुळेना म्हणून माणूस मशीनला शिव्या घालतो.

दाबल्याबरोबर बाभळीचा गुळगुळीत ठोकळा दहा सेकंद वर ठेवा. निवतानाच घडी पक्की होते. शेजारची रांग जोडायची तिची माया उलट दिशेला वळवा, म्हणजे चौकटीचे कोपरे एकमेकांत अडकून बसतात. पेस्टिंग चिकटवताना १०-१५ सेकंद एका जागी दाबायचं, सरकवायचं नाही. टाचण्या प्लास्टिकच्या डोक्याच्या असतील तर आधी काढा. धावदोरा घालून झालेली गोधडी मात्र इस्त्रीखाली घालूच नये. तिच्या लाटा मोडतात.

लाईट गेली की

पहिलं काम पिन काढायचं. भारनियमनात इस्त्री आडवी राहिली आणि लाईट रात्री दोनला आली, तर घोंगडीतून धूर निघेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. इस्त्री नेहमी टाचेवर उभी ठेवा. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहू नका. हाताला झिणझिणी आली तर ‘अर्थिंग कमी असेल’ म्हणून वापरत राहू नका; पिन काढा आणि वायरमनला दाखवा. वायर गरम इस्त्रीभोवती गुंडाळली की मानेपाशीच तुटते.

तळाला खळ चिकटून काळी झाली, तर थंड तळावर खाण्याच्या सोड्याची पेस्ट लावून ओल्या फडक्यानं पुसा. नॉनस्टिकवर मीठ किंवा घासणी चालवू नका.

चटका बसलाच तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी स्वतःच तापलेलं असतं, म्हणून माठातलं पाणी तांब्यानं ओतत राहा. बर्फ, तूप, टूथपेस्ट नको. अंगठी-बांगडी सूज यायच्या आत काढा. फोड आले किंवा भाजलेली जागा तळहाताएवढी असेल, तर डॉक्टरकडं जा.