घरी मृत्यू झाला आणि नेत्रदान करायचं आहे: पहिल्या तासात काय कराल

मी नागपुरात नेत्रपेढीत समन्वयाचं काम करते. माणूस गेला की घरात दोन गोष्टी लगेच सुरू होतात: नातेवाइकांना फोन आणि घाट कुठला, अंबाझरी की मोक्षधाम, याची चर्चा. त्याआधी एक फोन नेत्रदानाच्या १९१९ या हेल्पलाइनवर किंवा मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, नेत्रपेढीला करा. फोन अगदी जवळच्यांपैकी कुणी करायला नको, जावई किंवा शेजारी असा बोलण्याच्या स्थितीतला माणूस करू दे. पत्ता सांगताना जवळची खूणही सांगा. रात्री महालातल्या गल्ल्यांत घर शोधताना वेळ मोडतो, आणि डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात.

आम्ही येईपर्यंत पंखा बंद ठेवा. नागपूरचा उन्हाळा म्हणजे कूलर तोंडासमोरच असतो, तो आधी बाजूला करा. वाऱ्याने बुबुळ कोरडं पडतं. एसी चालेल. पापण्या हलक्या हाताने मिटून वर स्वच्छ पाण्यात भिजवलेला कापूस ठेवा, तो सुकू देऊ नका. डोक्याखाली उशी द्या. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला तयार ठेवा; घरच्या मृत्यूत खरा उशीर इथेच होतो.

“पुण्याहून मुलगा आला की ठरवू” हे नेहमीचं. मुलाला फोनवरच विचारा. सही घरात हजर असलेला जवळचा नातेवाईक करतो, दोन साक्षीदारांसमोर. मृताने नेत्रदानाच्या संकल्पाचं कार्ड भरलं असलं तरी ही संमती लागतेच. आणि भरलं नसलं तरी देता येतं.

चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, शुगर, बीपी, काही आड येत नाही. रेबीज, एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी असेल तर लपवू नका. रक्ताचा नमुना आम्ही घेतोच. काम वीसेक मिनिटांचं, चेहरा विद्रूप होत नाही, पैसे लागत नाहीत.

घाई काढण्याची असते, बसवण्याची नाही. बुबुळाचा पारदर्शक पडदा ज्या द्रावणात ठेवतात, त्यानुसार चार ते चौदा दिवस टिकतो. रोपणात तेवढाच बदलतात, अख्खा डोळा नाही. कुणाला बसवला ते विचारू नका, नाव सांगता येत नाही.

अपघाती मृत्यू असेल, तर पोस्टमॉर्टमआधीच पोलीस आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. त्यांची परवानगी मिळाली की तेही होतं.