कॅमेरा घेऊन प्रवाळात उतरताय? या चुका टाळा

अंदमानातल्या स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, मी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन उतरले तेव्हा क्लाऊनफिशचे चाळीसेक फोटो काढले. एकही धड आला नाही. त्याहून वाईट गोष्ट वर आल्यावर कळली. मी स्क्रीनला डोळे लावून बसले होते आणि मागे माझ्या पायातल्या फिनच्या (पोहायच्या पंखाच्या) फटक्यानं हरणाच्या शिंगासारखी प्रवाळाची एक फांदी मोडली होती. सोबत्यानं सांगितलं नसतं तर मला पत्ताही लागला नसता. तेव्हापासून कुणी विचारलं, "कॅमेरा कुठला घेऊ?" की मी आधी उलट विचारते, तुला एका जागी स्थिर तरंगता येतं का?

तरंगणं जमण्याआधी कॅमेरा

बहुतेक खराब फोटोंचं आणि मोडलेल्या प्रवाळांचं मूळ इथे आहे. नवखा डायव्हर पट्ट्याला जास्त वजन लावतो, मग पाय खाली लोंबकळतात आणि प्रत्येक फटक्याला तळाची वाळू उडते. वजन तपासायचं ते डाइव्हच्या शेवटी. टाकीत ५० बार हवा उरलेली असताना, ५ मीटरवर, बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगायचं जाकीट, रिकामं करून तरंगता आलं पाहिजे. टाकीतली हवा वापरली जाते तसे तुम्ही सुमारे दोन किलोंनी हलके होता, म्हणून सुरुवातीची तपासणी फसवी असते. कॅमेऱ्याचं हाऊसिंग, म्हणजे पाणी आत न येऊ देणारी पेटी, पाण्यात जड असेल तर तेही हिशेबात धरा.

फोटो हलू नये म्हणून श्वास रोखणारे पुष्कळ दिसतात. हे कधीही करू नका. भरलेल्या छातीनं एखाद-दोन मीटर वर सरकलात तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. सावकाश श्वास सोडत असताना बटण दाबा, तेव्हा शरीर आपोआप शांत असतं. आणि दर चार-पाच फोटोंनंतर हवेचा काटा बघा. कॅमेरा हातात असला की वेळ कुठे जातो ते समजत नाही.

आधारासाठी हात टेकायची सवयही सोडा. दगडासारखा दिसतो तो कधी कधी स्टोनफिश असतो. काटा लागलाच तर डाइव्ह तिथेच थांबवा, तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरा आणि थेट दवाखाना गाठा.

मासा दिसला की धावत सुटणं

पाठलाग केलात तर फोटोत शेपटीच येणार. क्लाऊनफिशचंच बघा. तुम्ही जवळ गेलात की तो सी अ‍ॅनिमोनच्या, म्हणजे खडकाला चिकटलेल्या फुलासारख्या प्राण्याच्या, तंतूंत शिरतो. बाजूला, थोडं खाली थांबून दोन-तीन मिनिटं नुसतं बघा. तो बाहेर डोकावतो, वळतो, आत जातो, पुन्हा जवळपास त्याच ठिकाणी बाहेर येतो. तिथे फोकस धरून ठेवा. निवांत पाहिलंत की आणखीही दिसतं. गटातली सगळ्यात मोठी ती मादी, तिच्याखालोखालचा तो नर. ती गेली तर तोच पुढे मादी होतो. एवढं ठाऊक असलं की आपण कुणाचा फोटो काढतोय हे कळतं.

वरून खाली कॅमेरा रोखू नका. मासा मागच्या खडकात हरवून जातो. त्याच्या पातळीला या. पफरफिशला फुगायला लावणं, समुद्रकाकडी उचलून बघणं, माशांना पाव किंवा बिस्किटं घालून गोळा करणं, यातलं काहीच करू नका, गाइड म्हणाला तरीही. कासव विसावलं असेल तर त्याचा वर जायचा रस्ता मोकळा ठेवा, त्याला श्वास घ्यायला पृष्ठभागावर जावंच लागतं.

सगळं निळं, आणि वर पांढरे ठिपके

पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, पाचेक मीटरवरच तो फिका पडतो. फ्लॅश नसेल तर उथळ राहा, सूर्य पाठीशी घ्या आणि त्याच खोलीवर पांढऱ्या पाटीवरून व्हाइट बॅलन्स लावा, म्हणजे पांढरं कुठलं ते कॅमेऱ्याला कळतं. रॉ फाइल (कॅमेऱ्यानं टिपलेला कच्चा फोटो) ठेवलीत तर नंतर रंग सावरता येतो.

पांढरे ठिपके म्हणजे लेन्स आणि मासा यांच्यामधल्या कणांवर चमकलेला फ्लॅश. झूम करून ते वाढतातच, कारण मधलं पाणी तितकंच राहतं. हातभर अंतरावर या. स्ट्रोब, म्हणजे वेगळा जोडायचा फ्लॅश, असेल तर दोन्ही बाजूंना लांब आणि किंचित मागे घ्या. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश असेल तर तो बंद केलेला बरा.

मालवणला हा त्रास जास्त, कारण पाण्यात गाळ असतो. तिथे दिवस निवडायला शिका. अष्टमीच्या आसपास भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस असतात, तेव्हा पाण्याची ओढ कमी आणि पाणी निवळ. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात तळ ढवळतो. त्यातही भरती पूर्ण होत आली की बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं. सुट्टी बघून तारीख ठरवण्यापेक्षा पंचांग बघून ठरवा, असं मी मनापासून सांगेन. अनुभवी होडीवाल्याला विचारलंत तर तोही हेच सांगेल.

आठवण म्हणून तुकडा उचलणं

नको. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि मालवणचं सागरी अभयारण्य तर १९८७ पासूनचं आहे. गोल दगडासारखं दिसणारं पोराइट्स जातीचं प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतं. तुमच्या डोक्याएवढा गोळा व्हायला कित्येक वर्षं लागलेली असतात.

हाऊसिंगमध्ये पाणी

ओ-रिंग, म्हणजे हाऊसिंगच्या झाकणाची रबरी कडी, होडीत घाईनं लावू नका, आदल्या रात्री चांगल्या उजेडात लावा. एक केस किंवा वाळूचा एक कण पुरतो. बोट फिरवून बघा, डोळ्याला न दिसलेलं बोटाला लागतं. ग्रीस पुसट हवं, थर नको. हाऊसिंग कोरड्या एसी खोलीत बंद करा, आत सिलिका जेलची पुडी ठेवा, म्हणजे काच धुरकटणार नाही. नवं हाऊसिंग पहिल्यांदा कॅमेऱ्याशिवाय खाली नेऊन आणा. वर आल्यावर मीठ वाळायच्या आत गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि पाण्यात असतानाच सगळी बटणं दाबून घ्या. उघडण्याआधी डोक्याचे ओले केसही पुसा, नाहीतर थेंब नेमका कॅमेऱ्यावर पडतो.